दहातल्या नऊ चुका

चिंचवड
३ नोव्हेंबर २०२५

आबा,

डबा रिकामा परत पाठवलास. घासून, पुसून, झाकण घट्ट लावून, रिकामा. चिमूटभर साखर तरी टाकायचीस. शेजारणीचा डबा असला तरी कुणी रिकामा परत करत नाही आणि हा सख्ख्या बहिणीचा, दिवाळीच्या फराळाचा. स्वप्नाली पोरगी मोशीचं ऑफिस सुटल्यावर दोनदा तुझ्याकडे चऱ्होलीला आली, एकदा द्यायला आणि एकदा न्यायला. दोन्ही वेळा मामानं दारातूनच वाटेला लावलं. मी म्हटलं, असेल घाईत. ती म्हणाली, "आई, तो लुंगीवर होता."

भाऊबीज ही चौथी गेली. मी पाट मांडला होता. तुझे दाजी म्हणाले, "कुणासाठी?" मी म्हटलं, पुसायला काढलाय. मग पुसला आणि ठेवून दिला.

माझा नंबर तू फोनवर बंद करून ठेवलास हे मला कळत नाही असं समजू नकोस. पत्र बंद करता येत नाही. पोस्टातली पोरगी म्हणाली, स्पीड पोस्टनं टाका, पोचलं की तुम्हाला मेसेज येईल. तेव्हा मिळालंच नाही म्हणायची सोय नाही.

अक्षर वेडंवाकडं आहे, चालवून घे. चौथी शिकलेल्या बाईचं आहे. तूच म्हणाला होतास ना खालच्या कोंडीरामच्या देखत, "अडाणी बाईच्या हातात कागद दिला की असंच होणार." त्या अडाणी बाईनं तुला बार्शीहून इथं आणलं, सहा वर्षं एका खोलीत आमच्या पायथ्याशी झोपवलं. आयटीआयला गेलास तेव्हा तुला सोल्डरचा टाका मारता येत नव्हता. मी निघोज्याच्या कंपनीत वायरिंगच्या लाईनवर दिवसभर टाके मारून यायचे आणि घरी येऊन तुला शिकवायचे. कथील किती, तापलेली काडी किती वेळ धरायची, टाका चकचकीत दिसला तर पक्का आणि मळकट दिसला तर कोरडा, म्हणजे नीट न धरलेला. विसरलास.

भांडण कशावरून झालं म्हणून कुणी विचारलं तर मला सांगायची लाज वाटते. दुसऱ्यांच्यात बांधावरून होतं, घरावरून होतं. आपलं झालं दीड हात वायरीवरून. सीडी प्लेअर आणि स्पीकरला आवाज पुरवणारा तो काळा डबा, यांच्या मधली वायर, ज्यातून म्हणे गाणं आकडे होऊन जातं. दाजींनी सीसीटीव्हीची वायर कापून केली. तू तुझ्या कंपनीच्या भंगारातली, चांदीचा मुलामा दिलेली तार आणून केलीस. केली म्हणजे काय, तासून सोलून माझ्यापुढे ठेवलीत. टाके दोन्हीचे माझे. आणि मग दोघं मिशा पिळत बसलात, माझी वाजते का तुझी वाजते. सहा महिने माझ्या हॉलमध्ये दुसरा विषय नव्हता. पाहुणे आले तर त्यांना खाली सतरंजीवर बसवायचं, कारण मधल्या खुर्चीत बसल्याशिवाय तुमचा आवाज बरोबर येत नाही.

परीक्षा घ्यायची हे डोकं तुझंच. गणपती गेल्यावरचा रविवार होता. दोन्ही वायरींना सारखंच काळं कवच चढवलंत, नुसतं बघून कुणाची कुठली ते कुणालाच कळू नये म्हणून. मी रॅकच्या मागे पाटावर, पुढे चादर टांगलेली. स्टीलच्या डब्यातली चिठ्ठी काढायची, डावी निघाली तर डावी वायर लावायची, उजवी निघाली तर उजवी, आणि कागदावर नोंद करायची. तुम्ही दोघं तिकडं सनईची सीडी ऐकून आपापल्या कागदावर लिहिणार, वाजतेय ती कुणाची वायर. दहा वेळा झालं. कोंडीरामनं तिन्ही कागद लावून निकाल वाचला. दाजींच्या पाच बरोबर. तुझी एक.

त्याला मी काय करू? माझा कागद बरोबर होता. दहा चिठ्ठ्या, दहा नोंदी, एकही खाडाखोड नाही. तू हरलास म्हणून माझी अक्कल काढलीस. दाजींनी ऊठ म्हटलं तर भरल्या ताटावरून उठलास, आणि अजून उठलेलाच आहेस.

आम्ही बरे आहोत. दाजींचं थोडं कानाचं चाललंय, विशेष नाही. तू ये, बाकी बोलू. निदान पत्राला उत्तर पाठव.

अक्का


चिंचवड
१६ नोव्हेंबर

आबा,

पत्र बुधवारी तुझ्या बायकोनं घेतलं, विजयश्रीनं. मेसेज आला मला. आज रविवार. उत्तर लिहायला तुला कुठली आयटीआय लागते?

विशेष नाही असं मी लिहिलं ते खोटं होतं.

जुलैपासून दाजींचा चालताना तोल जातो. जिन्यात भिंत धरतात. मला वाटलं रक्तदाब. स्वप्नालीनं पकडून कानाच्या डॉक्टरकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवलं, कानावर डबडी लावली आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाले. मी बाहेरून बघत होते. आत मशीन वाजतंय हे बाहेर त्या मुलीच्या पडद्यावर दिसत होतं आणि हे बटण हातात धरून नुसते बसले होते. लक्ष देऊन बसले होते, आबा. शाळेतल्यासारखे. बटण दाबतच नव्हते.

डावा कान प्रेसनं खाल्ला. तेवीस वर्षं कंपनीत पत्रा दाबायच्या दोनशे टनी प्रेसवर उभे राहिले आणि कानात घालायची पिवळी बोंडं खिशात. विचारलं तर म्हणायचे, "मशीन बिघडतंय का ते आवाजावरून कळतं, कान बंद करून कसं कळणार?" उजव्या कानाचं वेगळंच निघालं. एमआरआयमध्ये ऐकण्याच्या नसेवर गाठ आहे. कॅन्सर नाही. पण मोठी झालीय, मेंदूला टेकलीय, काढावी लागणार. डॉक्टर म्हणाले, "माणूस वाचेल. तो कान नाही वाचणार." त्या कानात अजून थोडं येतं, गाळून गाळून. सोमवारी १५ डिसेंबरला भरती, बुधवारी ऑपरेशन. त्याच्या नंतर उजवीकडे काहीच नाही आणि डावीकडे मशीन लावून जेवढं येईल तेवढं. गाणं नाही यायचं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. दाजींनीच विचारलं होतं. माणूस तोल का जातो ते विचारत नाही, जेवायचं काय ते विचारत नाही, पहिला प्रश्न तो.

आता ते काय करतात सांगते. वायरी करतात. तू गेल्यापासून अकरा झाल्या. जाड, बारीक, टीव्हीच्या केबलची, कुठल्या तरी जुन्या मशीनमधून काढलेली, एक वळून वळून वेणीसारखी केलेली. प्रत्येक वायर लावायची, मधल्या खुर्चीत बसायचं, डोळे मिटायचे. मग मान हलवायची. "अजून झाकलंय, कस्तुरा. वर फडकं टाकल्यासारखं येतंय. वायर बदलायला पाहिजे." मी टाके मारते. बाराव्या वायरीचे टाके गेल्या आठवड्यात मारले. तिच्यावर त्यांचा फार जीव आहे. म्हणतात, "ही बरोबर आलीय असं वाटतंय, पण माझा मलाच भरवसा नाही. आबा असता तर एका मिनिटात सांगितलं असतं."

तुझं नाव तीन वर्षांत पहिल्यांदा निघालं घरात.

म्हणून लिहितेय. मला तुझी गरज नाही. त्यांना आहे. भरती व्हायच्या आधी एकदा ये, त्यांच्या शेजारी बसून ती वायर ऐक आणि ऐकून जे असेल ते सांग. तेवढंच.

अक्का


चिंचवड
२५ नोव्हेंबर

आबा,

काल विजयश्रीचा फोन आला. तुझ्या चोरून केला असणार, मागं नळ सोडलेला होता.

"ताई, ते वाचतात तुमची पत्रं. दोन दोनदा वाचतात."

मी म्हटलं, मग हाताला काय झालंय?

"ते म्हणतात, दाजींचं ऐकून जीव तुटतो, पण त्या घरात खोटा ठरून बाहेर पडलोय. अक्कानं एकदा म्हणावं की कागद चुकला होता. नाहीतर पाय टाकणार नाही."

"माणूस आजारी पडलाय आणि हा कागद धरून बसलाय?"

"ताई, तुम्ही पण तोच धरून बसलाय ना?"

गरीब दिसते, पण बोलते नेमकं. मी फोन ठेवला. मग भाकरी करायला घेतल्या, त्या करपल्या, मग बसले लिहायला.

कागद चुकला होता.

घे. लिहिलं. आता कसा चुकला तेही ऐक, म्हणजे अडाणी म्हणून चुकला असं म्हणायचं नाही.

आमच्या लाईनवर पहिल्या दिवशी पहिली गोष्ट शिकवतात. कनेक्टरला दोन बाजू. एकीकडून वायरी शिरतात, ती वायरची बाजू. दुसरी तोंडाची, जी समोरच्या कनेक्टरमध्ये बसते. वायरकडून बघितलं तर जी पिन डावी, तीच तोंडाकडून बघितली की उजवी. आम्ही बायका सोळा वर्षं वायरकडूनच बघतोय. तोंड बघायचं काम टेस्टिंगवाल्यांचं, तुझ्यासारख्यांचं. आम्हाला कुणी झोपेतून उठवून डावी म्हटलं तरी वायरकडची डावी दाखवू.

त्या रविवारी दाजींनी दोन्ही वायरी रॅकच्या मागच्या हुकांना अडकवल्या. समोर उभं राहून, वरून हात घालून. म्हणाले, "डावी आबाची, उजवी माझी." तू हो म्हणालास. तुम्ही दोघं तोंडाकडे उभे. मी जाऊन मागे बसले. मागून काय दिसतं? वायरी. नुसत्या वायरी. माझ्या डोक्यात ती वायरची बाजू, माझी रोजची बाजू. चिठ्ठीवर डावी आली की मी माझ्या डाव्या हाताची लावली. दहाच्या दहा वेळा. तुमची डावी ती माझी उजवी, हे डोक्यात आलंच नाही.

म्हणजे सगळा कागद उलटा. तू नऊ वेळा चुकलास असं कोंडीरामनं वाचलं. तू नऊ वेळा बरोबर होतास.

तू तेव्हा ओरडत होतास, "दहात नऊ चुकायलाही कान लागतो! बहिरा माणूस पाच चुकेल, नऊ कसे चुकेल?" आम्ही सगळे हसलो. कोंडीराम तर खोकेपर्यंत हसला. मलाही वाटलं, हरलेला माणूस काहीही बोलतो.

मला कधी कळलं म्हणशील. पुढच्या शनिवारी. जळमटं काढायला रॅकच्या मागे शिरले. वायरी तशाच टांगलेल्या. म्हटलं, कवचं काढून ठेवावीत, पुन्हा उपयोगी पडतील. माझ्या डाव्या हाताला होती तिचं कवच सोललं. आत तुझी चांदी निघायला पाहिजे होती. निघाली सीसीटीव्हीची.

मी ती उजेडाला धरून परत बघितली.

आणि अजून एक. तिच्या एका टोकाला, आतल्या तारेभोवती विणलेल्या जाळीचा टाका कोरडा होता. मळकट, बोट लावलं की हलत होता. तू म्हणायचास ना, दाजींच्या वायरीत मधूनच केस अडकल्यासारखी बारीक टिकटिक येते. ती त्या टाक्याची. तुझ्या चांदीचं काही कौतुक नव्हतं त्यात आणि त्यांच्या तांब्याचा काही दोष नव्हता. माझा एक टाका कोरडा बसला होता, एवढाच सगळा फरक, आणि तो तुझ्या कानानं पकडला. मी काडी तापवली, टाका पक्का केला, कवच परत चढवलं आणि गप्प बसले.

का गप्प बसले, तेही विचारशील. विचारायच्या आधीच सांगते.

तू अडाणी बाई म्हणालास तेव्हा दाजी काय म्हणाले ते तुला आठवत असेल. "माझ्या बायकोच्या कागदावर बोट ठेवायचं नाही. ताट ठेव आणि ऊठ." तुझ्यासाठी तो अपमान होता. माझ्यासाठी काय होतं ते तुला कळायचं नाही. तेव्हा लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. सासूबाई मला भाकरीच्या जाडीवरून बोलायच्या तेव्हा हे पेपर वाचायचे. जावेनं चारचौघांत माझ्या साडीवरून टोमणा मारला तेव्हा हे पान खायला बाहेर गेले. एकदा, एकदाच हा माणूस माझ्यासाठी उभा राहिला, तोही स्वतःच्या जिवलग मेव्हण्यासमोर. दुसऱ्या दिवशी लाईनवर बायका विचारत होत्या, "कस्तुरा, आज काय आहे गं?" काही नाही म्हटलं. पण होतं.

आणि आठवड्यानं मी त्यांना जाऊन सांगू, की तुम्ही चुकीच्या बाईसाठी उभे राहिलात?

नाही सांगितलं. तुला सांगितलं आज. तू म्हणालास तसं झालं. आता ये.

अक्का


चिंचवड
३० नोव्हेंबर

मेसेज शुक्रवारी आला. आज रविवार संपत आला.

मागच्या पत्रात सगळं लिहिलं असं मला वाटलं होतं. नव्हतं लिहिलं.

कागद उलटा केला की तुझ्या एकाचे नऊ होतात. त्यांच्या पाचाचे किती होतात? पाच. उलटा धरा, सुलटा धरा, पाच. नाणं उडवून लिहिलं असतं तरी पाच आले असते. त्यांना काही ऐकू येत नव्हतं, आबा. ती टिकटिक तुला येत होती आणि शेजारी बसून त्यांना येत नव्हती. तीन वर्षांपूर्वी. सगळं त्या कागदावर होतं आणि तो कागद माझ्या पोळपाटाखालच्या पिशवीत होता.

मी एकदा म्हटलं होतं त्यांना, कान दाखवून येऊ. दोन वर्षं झाली असतील. टीव्ही मोठा लावायला लागले होते. तर म्हणाले, "माझ्या कानाला काय धाड भरलीय? कागद काढून बघ. मी पाच ओळखल्या. तुझा तो टेस्टिंगवाला भाऊ, त्यानं एक." आणि हसले. त्या निकालावर जगत होता तो माणूस. आपला कान आबाच्या पाचपट. मग आवाज झाकलेला येतोय तो वायरीमुळेच, दुसरं काय? त्या वेळी मी तोंड उघडलं असतं तर.

नाही उघडलं. टाके मारत राहिले. अकरा वायरी. वायरीत काही दोष नाही हे मला माहीत होतं, तरी मी चष्मा लावून, जीभ दाताखाली धरून, एकेक टाका चकचकीत मारला. ते म्हणायचे, "तुझ्यासारखा टाका चाकणमध्ये कुणी मारत नाही." मला बरं वाटायचं.

डॉक्टर म्हणाले, "तीन वर्षांपूर्वी आला असतात तर गाठ एवढीशी असती. नुसत्या किरणांनी थांबवली असती, कानही बराचसा राहिला असता. काहीच लक्षात आलं नाही का घरात कुणाच्या?" स्वप्नालीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, नाही.

हे मी कुणाला बोललेली नाही. तुला लिहिलं. तू यावं म्हणून नाही लिहिलं. लिहून झाल्यावर आता वाटतंय, हे वाचून तर तू मुळीच येणार नाहीस. पण फाडत नाही. एक कागद लपवून ठेवला तेवढा पुरे.

कस्तुरा


चिंचवड
७ डिसेंबर

आबा,

दाजींना गुरुवारी सांगितलं.

तोंडानं सांगायला गेले तर अर्धं ऐकू येईना. "काय उलटं? कुकर?" म्हणाले. ओरडून सांगायची गोष्ट आहे का ती? शेजारी भिंतीला कान लावून बसलेले. मग लिहून दिलं. तुला लिहिलं तसंच, वायरकडची डावी, तोंडाकडची डावी, कोरडा टाका, डॉक्टर, सगळं. चष्मा लावून वाचत बसले. मी स्वयंपाकघरात भांडी वाजवत उभी, उगाच, धुतलेली परत धुवत.

बराच वेळ गेल्यावर हाक मारली. गेले. म्हणाले, "पाच?"

मी मान हलवली.

"पाचच होते माझे? दोन्ही बाजूंनी?"

एवढंच. चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ताटावरून उठवलं असतं, माहेरी जा म्हटलं असतं, काहीही. गॅलरीत जाऊन बसले. शुक्रवारी बोलले नाहीत, शनिवारी बोलले नाहीत. सीडी लावली नाही. त्या अकरा वायरी काढल्या आणि एकेक गुंडाळून रबर लावून पिशवीत भरल्या. मी म्हटलं, राहू द्या. ऐकू आलं नसेल किंवा आलं असेल.

आज सकाळी चहा घेताना आपण होऊन बोलले. त्यांना आता स्वतःचा आवाज कळत नाही, मोठ्यांदा बोलतात, सगळ्या मजल्यानं ऐकलं असेल. "आबाला लिहिलंस का हे?"

हो म्हटलं.

"येणार आहे का?"

मी त्यांच्या कपात अजून चहा ओतला.

तर म्हणाले, "येऊ नये त्यानं."

मी म्हटलं, झालं. म्हटलं, गेला हा पण दरवाजा. तर म्हणतात, "कागद तुझा उलटा होता, कबूल. वायरीच्या बाबतीत तो खरा आणि मी खोटा, कबूल. पण अडाणी म्हणाला ते? ते सुलटं होतं का? कागदावरून नव्हतं उठवलं मी त्याला. त्या शब्दावरून उठवलं होतं. आधी त्यानं तुझी माफी मागायची. मग या घरात पाय टाकायचा."

ऐक. नीट ऐक आबा, हे मी दुसऱ्यांदा लिहिणार नाही. या माणसाचा कान माझ्यामुळे गेला. ते कळून त्याला तीन दिवस झाले. आणि तरी तो माझ्याच बाजूनं बसलाय. मी काय करू याचं? भिंतीवर डोकं आपटू?

मग मी जे केलं ते केलं. मी म्हटलं, "मागितली की त्यानं माफी. परवाच फोन आला होता. अक्का, चुकलो, म्हणाला."

"खरं?"

"व्हय."

माझ्याकडे बघत राहिले. हल्ली ओठांकडे बघतात, त्यामुळे खोटं बोलणं अवघड झालंय. मग म्हणाले, "मग येऊ दे." उठले, भिंत धरत धरत हॉलमध्ये गेले. मधली खुर्ची थोडी डावीकडे सरकवली आणि शेजारी दुसरी आणून लावली. एका माणसाचीच जागा असते म्हणून आजवर कुणाला बसू दिलं नव्हतं तिथं. बारावी वायर लावून ठेवलीय. पण परत ऐकलेली नाही. म्हणतात, आबाबरोबरच ऐकायची. ते आवाज वाढवतील, तू चालवून घे. त्यांना जेवढी येईल तेवढी सनई येईल, आणि पुढची ते तुझ्या तोंडाकडे बघून ऐकतील. वायर कशी आहे विचारलं तर खरं सांग. टाका कोरडा असेल तर कोरडा आहे म्हण. आता खोटं पुरे झालं त्या खोलीत.

आणि माझ्यापुरतं स्पष्ट लिहिते. मी तुला माफ केलेलं नाही. तू मला केलं आहेस का, हे मी विचारत नाही. तू आलास तर दारातच त्यांच्यादेखत म्हणायचं, अक्का चुकलो. मनातून म्हण किंवा वरवर म्हण, त्यांना आता फरक कळायचा नाही, मला कळेल आणि मी काही बोलणार नाही. तेवढं जमत नसेल तर येऊ नकोस. आलास आणि म्हणाला नाहीस तर ऑपरेशनच्या तोंडावर मी त्यांच्यापुढे पुन्हा खोटी ठरेन, आणि यावेळी बाजू घ्यायला त्यांच्याकडे काही उरायचं नाही.

रविवार १४ तारीख, सकाळी दहा. सोमवारी नऊला आम्ही भरती व्हायला निघणार. दुसरा दिवस नाही.

येणार की नाही, दोनातलं एक शुक्रवारी १२ डिसेंबरला संध्याकाळी सहाच्या आत मला कळव. माझा नंबर चालू कर, नाहीतर विजयश्रीच्या फोनवरून सांग, नाहीतर माणूस पाठव. नाही म्हणायचं असलं तरी कळव. त्यांना काय सांगायचं ते ठरवायला मला शनिवारचा एक दिवस लागेल. सहा म्हणजे सहा. त्यानंतर आलेलं उत्तर मी घेणार नाही.

कस्तुरा